आठ तालुके आणि अनंत शक्यता

१ मे १९८१ रोजी अस्तित्वात आलेल्या जालना जिल्ह्यातील प्रत्येक तालुका मराठवाड्यात आहे, हे विधान अंबड, भोकरदन, मंठा अशी आठही नावे एकेक करून तपासली की सिद्ध होते; त्याचा व्यत्यास, म्हणजे ‘मराठवाड्यातील प्रत्येक तालुका जालना जिल्ह्यात आहे’ हे उलट विधान, खोटे ठरवण्यास मात्र पैठण हे एकच प्रतिउदाहरण पुरते. विधानांचा आशय बाजूला ठेवून केवळ त्यांच्या आकारावरून निष्कर्षांची वैधता ठरवणारे आकारिक तर्कशास्त्र हाच संगणकशास्त्राचा पाया होय.

खरी कसोटी अनंत शक्यतांपाशी लागते, कारण एखादा प्रोग्राम शंभर उदाहरणांवर बरोबर चालला, एवढ्यावरून तो सदैव बरोबर चालेल असे सिद्ध होत नाही. तेथे गणिती विगमन उपयोगी पडते: विधान पहिल्या पायरीला खरे असल्याचे दाखवायचे आणि ते कोणत्याही एका पायरीला खरे असल्यास पुढच्या पायरीलाही खरे राहते, हे सिद्ध करायचे. संगणकशास्त्रज्ञ टोनी होर यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या पद्धतीत लूपच्या प्रत्येक फेरीनंतर अबाधित राहणारे विधान याच रीतीने तपासले जाते. लूप कधीतरी थांबतो, हे मात्र (आणि विद्यार्थी नेमके हेच विसरतात) स्वतंत्रपणे सिद्ध करावे लागते.