व्यवसायोपचार : एक नवे शिक्षण

‘व्यवसायोपचार’ हा शब्द प्रथम कानी पडला तेव्हा, मंदीत सापडलेल्या दुकानावरचा हा काही इलाज असावा, असा आमच्या पेढीवरील मंडळींचा समज झाला होता. चलथाणच्या एका वृद्ध कापड-व्यापाऱ्यांस पक्षाघात झाला आणि तो समज गेला. चालणे जमू लागले. परंतु उजव्या हाताने सदऱ्याचे बटण लागेना, कात्री धरवेना. गादीवर बसून ते नुसते पाहत आणि कापड दुसराच कोणी फाडी. उपचार करणाऱ्या मुलीने त्यांच्यापुढे त्यांच्याच दुकानातील तुकडे ठेवले. घडी घालावयाची, उलगडावयाची, मोजावयाचे. चौथ्या महिन्यात त्यांनी स्वतः मीटरभर कापड फाडून दिले. कड जराशी वाकडी गेली खरी. गिऱ्हाइकाने तक्रार केली नाही.

ह्या शास्त्राचे आपल्या देशातील शिक्षण मुंबईस सुरू झाले. जन्माने अमेरिकन, विवाहाने महाराष्ट्रीय झालेल्या कमला निंबकर ह्यांनी १९५० साली के.ई.एम. रुग्णालयात त्याचे विद्यालय काढले. १९५२ मध्ये ह्या उपचारकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. विद्यार्थ्यास शरीररचना, मज्जासंस्था, मानसशास्त्र शिकावे लागते. तसेच वाकलेल्या बोटांना आधारपट्टी घडविणे आणि रुग्णाच्या घरी जाऊन मोरी, उंबरा, चुलीची उंची पाहणेही. आमच्या मते खरी विद्या ती हीच.

ह्या उपचारकांच्या हाताखाली साहाय्यक असतात. अमेरिकेत त्यांस साधारण दोन वर्षांचे शिक्षण, त्यात किमान सोळा आठवडे प्रत्यक्ष रुग्णसेवा आणि शेवटी राष्ट्रीय परीक्षा, अशी रीत आहे. आपल्याकडे २०२१ च्या केंद्रीय कायद्याने आरोग्यक्षेत्रातील साहाय्यक व तंत्रज्ञ ह्यांच्या शिक्षणासही दोन वर्षे व दोन हजार तास ही किमान मर्यादा घातली आहे. स्वतंत्र उपचारकास छत्तीसशे तास. वाचकांनी हे आकडे ध्यानी ठेवावे. मालाचा नमुना पाहिल्यावाचून सौदा न करणारे आपण, मुलांच्या शिक्षणाचे पैसे मात्र छापील पत्रकावर भरून मोकळे होतो!

त्या व्यापाऱ्यांची नात यंदा बारावीस आहे. सहा महिन्यांत ‘साहाय्यक’ करून देण्याचे एक पत्रक घरी आले होते. आजोबांनी ते उजव्या हातानेच घडी घालून परत केले. जीवशास्त्रासह बारावी पुरी करून मुलगी पदवीसाठी अर्ज करणार आहे.