सबनेटाचें गणित कसें शिकावें

संगणकांच्या जाळ्यांत प्रत्येक यंत्रास आयपी पत्ता असतो. १९८१ सालीं ठरलेल्या व अद्यापि प्रचारांत असलेल्या पद्धतींत तो ३२ बिटांचा, म्हणजे ३२ द्विमान अंकांचा असतो. सोयीसाठीं त्याचे आठ-आठ अंकांचे चार भाग पाडून ते दशमानांत लिहितात. आरंभीचा भाग जाळें दर्शवितो, उरलेला यंत्र. मोठ्या जाळ्याचे पोटविभाग, म्हणजे सबनेट, पाडण्याची रीत १९८५ सालीं प्रमाण ठरली, आणि तेव्हांपासून हें लहानसें गणित विद्यार्थ्यांस छळीत आलें आहे.

१९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता घेऊं. पहिले २६ बिट जाळ्याचे. यंत्रासाठीं उरले ६. सहा बिटांत ६४ संख्या मावतात. म्हणून शेवटच्या भागांत विभाग ०, ६४, १२८ व १९२ येथें सुरू होतात. ७७ हा ६४ पासून १२७ पर्यंतच्या विभागांत पडतो. पैकीं ६४ हा विभागाचा स्वतःचा पत्ता व १२७ हा सर्वांस एकदम संदेश धाडण्याचा. यंत्रांस मिळतात मधले ६२.

पुष्कळ जण ‘२५६ मधून मास्क वजा करा’ एवढेंच पाठ करितात. /२६ चा मास्क २५५.२५५.२५५.१९२, २५६ मधून १९२ गेले, राहिले ६४. रीत खरी आहे, आणि पाठांतराशीं आमचें वैर नाहीं. पावकी-निमकी घोकणाऱ्या पिढीचा हिशेब कच्चा होता असें कोण म्हणेल? परंतु १७२.१६.३७.२००/२० समोर येतांच असा विद्यार्थी २०० कडे पाहत बसतो. येथें सीमा तिसऱ्या भागांत आहे. मास्क २५५.२५५.२४०.०, टप्पा १६; ३७ हा ३२ व ४८ यांमध्यें येतो. विभाग १७२.१६.३२.० पासून १७२.१६.४७.२५५ पर्यंत.

म्हणून आमचें मत असें कीं, १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ ही ओळ तोंडपाठ करून पहिलीं दहा उदाहरणें द्विमानांतच सोडवावीं. ७७ म्हणजे ०१००११०१. त्याखालीं १९२, म्हणजे ११००००००, लिहावे. दोन्हीं ओळींत १ असेल तेथेंच १ मांडला असतां ०१०००००० येतें, म्हणजे ६४. यानंतर वजाबाकीची रीत आपोआप उमगते.

चूक वहीपुरतीच राहत नाहीं. एकाच तारेवर ७७ या यंत्रास /२६ व १०० या यंत्रास भ्रमानें /२७ दिलें, तर ७७ ला १०० शेजारी वाटतो. १०० चा विभाग मात्र ९६ पासून सुरू होत असल्यानें त्याला ७७ परका वाटतो. तो आपलें उत्तर राउटरकडे धाडतो, आणि राउटर नसेल तर तें पोंचतच नाहीं.