फिनलंड–स्वीडन संबंध

फिनलंड–स्वीडन संबंध म्हणजे उत्तर युरोपातील फिनलंड व स्वीडन या शेजारी देशांमधील राजनैतिक व सांस्कृतिक संबंध होत. १८०९ पर्यंत अनेक शतके हे दोन्ही प्रदेश एकाच राज्याचे भाग होते. त्यामुळे कायदा, ल्यूथरन धर्मपरंपरा व स्वीडिश भाषा हा त्यांचा समान वारसा आहे. सीमेच्या दोन्ही बाजूंना राहिलेल्या भाषिक अल्पसंख्याकांचा प्रश्न या संबंधांत सातत्याने महत्त्वाचा ठरला आहे.

इतिहास

१८०८–०९ च्या युद्धात रशियाने स्वीडनचा पराभव केला. १७ सप्टेंबर १८०९ रोजी झालेल्या फ्रेड्रिक्सहामच्या तहानुसार फिनलंड रशियाकडे गेला आणि टोर्न व मुओनियो या नद्या सीमा ठरल्या. या सीमेमुळे नदीकाठचा फिनिशभाषक समाज विभागला गेला. रशियन सम्राटाच्या अधिपत्याखाली फिनलंडला स्वायत्तता मिळाली व स्वीडिश काळातील कायदे कायम राहिले. फिनलंडने ६ डिसेंबर १९१७ रोजी स्वातंत्र्य जाहीर केले. स्वीडनने ४ जानेवारी १९१८ रोजी त्यास मान्यता दिली.

ऑलांड प्रश्न

बाल्टिक समुद्रातील ऑलांड बेटांवरील स्वीडिशभाषक रहिवाशांनी स्वीडनमध्ये विलीन होण्याची मागणी केली. हा वाद राष्ट्रसंघाकडे सोपवण्यात आला. १९२१ मध्ये राष्ट्रसंघाने बेटांवरील फिनलंडचे सार्वभौमत्व मान्य केले. मात्र रहिवाशांना स्वायत्तता व स्वीडिश भाषेच्या संरक्षणाची हमी मिळाली. निर्णय प्रतिकूल असूनही स्वीडनने तो स्वीकारला. शांततामय तोडग्याचे उदाहरण म्हणून या प्रकरणाचा उल्लेख केला जातो.

युद्धकाळ

१९३९–४० च्या हिवाळी युद्धात सोव्हिएत संघाने फिनलंडवर आक्रमण केले. स्वीडनने शस्त्रे व आर्थिक साहाय्य दिले आणि सुमारे ८,००० स्वीडिश स्वयंसेवक फिनलंडच्या बाजूने दाखल झाले. परंतु नियमित सैन्य पाठवण्यास स्वीडनने नकार दिला. युद्धकाळात सुमारे ७०,००० फिनिश मुलांना सुरक्षिततेसाठी मुख्यतः स्वीडनमध्ये पाठवण्यात आले. त्यांपैकी काही हजार मुले मायदेशी परतली नाहीत.

स्थलांतर व भाषा

१९५४ मध्ये नॉर्डिक देशांचा सामाईक श्रमबाजार अस्तित्वात आला. त्यानंतरच्या दोन दशकांत काही लाख फिनिश नागरिक रोजगारासाठी स्वीडनला गेले.

स्वीडिश ही फिनलंडची दुसरी राष्ट्रभाषा असून सुमारे ५ टक्के लोकांची ती मातृभाषा आहे. फिनिशभाषक विद्यार्थ्यांसाठी शाळेत स्वीडिश अनिवार्य असून या सक्तीवर वेळोवेळी वाद होतो. याउलट, स्वीडनच्या टोर्न खोऱ्यातील शाळांमध्ये मुलांना दीर्घकाळ फिनिश बोलण्यापासून परावृत्त केले जात असे. २००० पासून फिनिश व तिच्याशी निकट असलेल्या मेआनकिएली या भाषांना स्वीडनमध्ये राष्ट्रीय अल्पसंख्याक भाषांचा दर्जा आहे.

सांस्कृतिक संबंध

फिनलंडच्या राष्ट्रगीताचे मूळ शब्द योहान लुडविग रूनेबेर्ग यांनी स्वीडिशमध्ये लिहिले. 'मूमिन' कथांच्या लेखिका तोवे यान्सोन यादेखील स्वीडिशमध्ये लिहिणाऱ्या फिनिश साहित्यिक होत्या. १९७५ मध्ये एस्पो येथे हानासारी हे स्वीडिश–फिनिश सांस्कृतिक केंद्र सुरू झाले. दोन्ही देशांतील मैदानी खेळांची स्पर्धा १९२५ पासून प्रसिद्ध आहे.

समकालीन सहकार्य

१ जानेवारी १९९५ रोजी दोन्ही देश युरोपीय संघाचे सदस्य झाले. फिनलंडने युरो हे चलन स्वीकारले, तर स्वीडनने क्रोना कायम ठेवले. रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर १८ मे २०२२ रोजी दोघांनी नाटोच्या सदस्यत्वासाठी एकत्र अर्ज केला. फिनलंड ४ एप्रिल २०२३ रोजी, तर तुर्कस्तान व हंगेरी यांची संमती लांबल्याने स्वीडन ७ मार्च २०२४ रोजी सदस्य झाला.