आपल्या तरुणपणीच्या चुका मुलांना सांगाव्यात का?

रमजानचे शेवटचे दिवस आले की बऱ्याच घरांत एक मागणी होते. "अब्बू, चाँदरातला गाडीची चावी द्या ना, बाजारात एक चक्कर मारून येतो." यंदा ती आमच्या घरातही झाली. मुलगा १६ वर्षांचा, लायसन्स नाही. आम्ही नाही म्हटले. त्याने लगेच विचारले, "तुम्ही माझ्या वयाचे होता तेव्हा चालवत नव्हता का?"

आम्ही गप्प बसलो. कारण चालवत होतो.

१९९५ ची गोष्ट. मामूंची आरएक्स १०० दारात उभी असायची आणि चावी खिळ्याला टांगलेली. चाँदरातला ती घेऊन आम्ही निघालो, मागे दोन दोस्त. रात्रभर महामार्गावर फेऱ्या मारल्या, हेल्मेटचा तर प्रश्नच नव्हता. पहाटे गावाकडे वळताना सायकलवरून पाव टाकायला निघालेल्या एका माणसाला आमची धडक बसली. तो पडला, टोपली उलटली, पाव रस्त्यावर विखुरले. आम्ही थांबलो नाही. घरी येऊन गुस्ल केली, नवे कपडे घातले आणि ईदच्या नमाजला गेलो. दोन दिवसांनी कळले की पाववाल्या चाचांच्या खांद्याचे हाड मोडले. दोन महिने त्यांची सायकल बंद होती. आमचे नाव कुणालाच कळले नाही.

हे मुलाला सांगायचे की झाकून ठेवायचे? आमच्या अनेक मित्रांच्या मनातही हाच गोंधळ आहे, म्हणून थोडे खोलात जाऊन लिहितो.

आपल्या दीनमध्ये स्वतःच्या गुनाहावर पडदा ठेवण्याला मोठे महत्त्व आहे. बुखारी व मुस्लिममधील एका हदीसचा आशय असा की, रात्री केलेला गुनाह अल्लाहने झाकलेला असताना जो माणूस सकाळी स्वतःच लोकांना सांगत सुटतो, तो माफीला मुकतो. त्यामुळे काही पालक म्हणतात, झाले गेले विसरा, तोंड उघडू नका. पण ही ताकीद गुनाहाची शेखी मिरवणाऱ्यांना, त्याला हलके समजणाऱ्यांना आहे. इमाम नववी (रह.) यांनी स्पष्ट केले आहे की, गुनाहातून सुटका व्हावी, मार्ग कळावा म्हणून योग्य व्यक्तीला सांगण्यात हरकत नाही. लग्नाच्या पंगतीत "आम्ही काय धमाल केली होती" म्हणून हसत सांगणारे चाचा-मामू आणि मुलाला समोर बसवून मान खाली घालून बोलणारा बाप, यांत फरक आहे. खरे तर मुले बिघडतात ती हसत सांगितलेल्या किश्श्यांमुळे. त्यात पडलेला माणूस कधी येतच नाही.

सगळेच सांगावे असेही नाही. ज्यात दुसऱ्या कुणाची अब्रू गुंतली आहे किंवा जे ऐकून मुलाला नवीन वाट सापडेल, ते झाकलेलेच बरे.

तौबाच्या शर्ती आपण लहानपणी मकतबमध्ये पाठ केल्या: गुनाह सोडणे, मनापासून पस्तावणे आणि पुन्हा न करण्याचा पक्का इरादा. पण जिथे बंद्याचा हक्क मारला गेला आहे तिथे चौथी शर्तही आहे: त्याचा हक्क परत करणे किंवा त्याच्याकडून माफी मिळवणे. तो हयात नसेल तर हक्क वारसांचा. आम्ही कितीतरी रमजान रडून दुआ केल्या, हज करण्याचे मनसुबे रचले, पण चाचांच्या दारात मात्र गेलो नाही. नुकसान त्यांचे झाले आणि माफी आम्ही परस्पर मागत राहिलो. मुलाच्या प्रश्नाने हेच उघडे पाडले.

आता कायद्याचे. सर्वसाधारणपणे १८ वर्षांखाली लायसन्स मिळत नाही. १६ व्या वर्षी फक्त ५० सीसीपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीची मुभा आहे, तीही लायसन्स काढून. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १९९-अ आले. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द आणि मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स नाही. "मला माहीतच नव्हते" हे पालकाला कोर्टात सिद्ध करावे लागते. खिळ्याला टांगलेली चावी काय सिद्ध करणार? विमा कंपनी जखमीला भरपाई देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरमधील अपघातात दोन तरुण अभियंते गेले. मोटार १७ वर्षांचा मुलगा चालवत असल्याचा आरोप होता आणि त्या प्रकरणात त्याच्या वडिलांनाही अटक झाली.

आणखी एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. अपघात झाल्यावर जखमीला उपचार मिळवून देणे आणि पोलिसांना कळवणे, हे त्याच कायद्याच्या कलम १३४ नुसार चालकाचे कर्तव्य आहे. घाबरून पळणे हा आमच्या दृष्टीने पहिल्या चुकीपेक्षा मोठा गुनाह. सूरह निसामध्ये तर चुकून झालेल्या हत्येलाही दियत आणि कफ्फारा सांगितला आहे. गुलाम आझाद करणे शक्य नसेल तर सलग दोन महिन्यांचे रोजे. इरादा नव्हता म्हणून हिशेब संपत नाही.

त्या रात्री तरावीहनंतर आम्ही मुलाला सगळे सांगितले. तो हसला नाही. एवढेच म्हणाला, "मग तुम्ही त्यांच्याकडे गेलात का?"

ईदनंतर गेलो, त्याला सोबत घेऊन. चाचांचा इंतकाल होऊन बरीच वर्षे झाली होती. त्याच नाक्यावर त्यांच्या मुलाची बेकरी आहे. आम्ही ओळख दिली, काय केले ते सांगितले, दोन महिन्यांची मजुरी आणि औषधपाण्याचा अंदाज धरून आणलेले पाकीट पुढे ठेवले. त्याने बराच वेळ हात लावला नाही. मग म्हणाला, "बाबांचा खांदा पावसाळ्यात दुखायचा. शेवटपर्यंत." पाकीट घेऊन त्याने गल्ल्याखाली सरकवले. माफ केले असे तो म्हणाला नाही, आम्हीही आग्रह धरला नाही.

परतताना मुलाने चाचांचे नाव विचारले. आम्हालाही ते त्याच दिवशी बेकरीच्या पाटीवर वाचून कळले होते.