बार्शी लाइटमधला ‘लाइट’

परीक्षा जवळ आली की इंग्रजीच्या तासाला उजळणी सुरू होते. व्याकरण, विरामचिन्हे, शब्दार्थ, अलंकार! मुले नियम घोकतात आणि वाक्य जरा बदलले की अडतात. इंग्रजीची भीती इथेच बसते. त्याऐवजी ओळखीचे एखादे उदाहरण घेऊन पाहू या.

१८९७ साली कुर्डुवाडी ते बार्शी अडीच फुटी (७६२ मि.मी.) रुळांवरून ‘बार्शी लाइट रेल्वे’ धावू लागली. वर्गात विचारा, यातला ‘लाइट’ म्हणजे काय? ‘दिवा’ हे उत्तर हमखास येईल. पण येथे अर्थ आहे ‘हलकी’: कमी वजनाचे रूळ, हलकी गाडी, कमी खर्च.

हे एकाच शब्दाचे दोन अर्थ आहेत का? नाही. मुळात ते दोन वेगळे शब्द. उच्चार कालांतराने सारखा झाला. वजनाचा ‘लाइट’ हा संस्कृत ‘लघु’चा दूरचा भाऊबंद, तर प्रकाशाचा ‘लाइट’ ‘रुच्’ (प्रकाशणे) या धातूचा. आपला ‘हलका’ही ‘लघु’वरूनच आला. म्हणजे इंग्रजी वाटते तितकी परकी नाही!

आता लाक्षणिक अर्थ. मन हलके होते, तसे इंग्रजीतही हृदय ‘लाइट’ होते. पण ‘हलक्या दर्जाचा’ किंवा ‘हलक्या कानाचा’ यांसाठी ‘लाइट’ चालत नाही. जोड्या कोठे जुळतात व कोठे तुटतात, याची यादी मुलांनाच करू द्या.

पुढे व्याकरण. ‘हमालाने गार्डाला बोलावले’ यातील शब्द मागेपुढे केले तरी अर्थ तोच राहतो, कारण काम विभक्तिप्रत्यय करतात. ‘द पोर्टर कॉल्ड द गार्ड’ यात नामांची अदलाबदल केली की बोलावणाराच बदलतो. इंग्रजीत शब्दाची जागा हाच जणू प्रत्यय.

शेवटी स्वल्पविराम. ‘द पॅसेंजर्स हू वेअर टायर्ड गॉट डाउन’ म्हणजे जे दमले होते तेच उतरले. ‘पॅसेंजर्स’ आणि ‘टायर्ड’ यांच्यापुढे स्वल्पविराम द्या. आता सगळेच दमलेले आणि सगळेच उतरले! मराठीत हे काम ‘जे–ते’ करतात.

आज या मार्गावर ब्रॉडगेज गाडी धावते. जुन्या गाडीचे नाव मात्र एका तासाची उजळणी सहज ओढून नेईल. आपल्या गावचे असेच एखादे नाव घेऊन वर्गात करून पाहा.