तोल्तेक : कथा आणि दगड

'तोल्तेक' म्हणजे तोलान नगरीचा रहिवासी. पण अझ्टेकांच्या तोंडी त्याचा अर्थ झाला कुशल कारागीर. या लोकांच्या इतिहासातली खरी गोम मला इथेच दिसते. त्यांच्याविषयी आपण जे वाचतो ते बहुतेक अझ्टेकांनी सांगितलेले आणि सोळाव्या शतकात साआगुन या स्पॅनिश धर्मोपदेशकाने टिपलेले. तोलानमध्ये म्हणे कापूस रंगीतच उगवे, अन् मक्याचे कणीस कवेत घ्यावे लागे! तिथला पुरोहित-राजा केत्सालकोआत्ल. तेस्कात्लिपोका या देवाने त्याला कपटाने मद्य पाजले, आणि तो राज्य सोडून पूर्वेकडे निघून गेला.

मेक्सिको शहराच्या उत्तरेस तुला येथे होर्हे अकोस्ता यांनी १९४० पासून उत्खनन केले. सुमारे इ. स. ९०० ते ११५० या काळात भरभराटलेले हे नगर. तेथील मंदिराचे छत पेलणारे साडेचार मीटर उंचीचे पाषाणयोद्धे छातीवर फुलपाखराच्या आकाराचे कवच ल्यालेले आहेत, आणि भिंतीवरचे सर्प सांगाडे गिळत आहेत. सुवर्णयुगाच्या कथेशी हे कसे जुळावे?

अझ्टेक राजांना आपले कूळ तोल्तेकांशी जोडायचे होते. इट्स्कोआत्ल राजाने (१४२७–१४४०) जुन्या चित्रपोथ्या जाळविल्या, असे त्यांचीच परंपरा सांगते. तुला मात्र त्यांनी जाळली नाही. तिथले अवशेष उकरून ते आपल्या राजधानीत घेऊन गेले.