घरघर कोठून येते?

वैनगंगा आणि चुलबंद या नद्यांच्या पाण्यावर धान पिकविणाऱ्या लाखांदूर तालुक्यात, जेथे दिवाळी सरून कापणी-मळणी आटोपत आली की गावोगाव नाटकांचे मंडप उभे राहतात आणि नदीपलीकडच्या वडशाहून नाट्यमंडळ्यांच्या गाड्या रात्रीच्या प्रयोगासाठी रवाना होतात, तेथे एखाद्या घराच्या माळ्यावर स्पूलचा जुना टेपरेकॉर्डर आणि त्यासोबत दोन-चार फिती सापडल्या, तर त्यांची गणना भंगारात करणे मला अन्यायाचे वाटते. दंडार आणि खडी गंमत हे या झाडीपट्टीचे कलाप्रकार पोथीपेक्षा कंठाच्या आश्रयानेच अधिक जगले. तेव्हा एखाद्या शाहिराचा आवाज अशा फितीवर उतरला असेल, तर त्याचा तोच एकमेव दस्तऐवज असण्याचा पुष्कळ संभव आहे.

विद्येच्या इतिहासात हे यंत्र फार प्राचीन नव्हे. डेन्मार्कच्या व्हाल्डेमार पाउलसेनने 1898 साली पोलादी तारेवर चुंबकत्वाच्या रूपाने ध्वनी साठविला. जर्मनीत फ्रिट्झ फ्लॉयमरने 1928 मध्ये कागदी फितीवर लोहचूर्णाचा लेप दिला. आणि 1935 साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात मॅग्नेटोफोन लोकांसमोर आला. आपल्या विदर्भात आकाशवाणीचे नागपूर केंद्र 1948 साली सुरू झाले. पुढे नभोवाणीच्या स्टुडिओतली ही विद्या हौशी माणसाच्या घरात आली, ती व्हॉल्व्हच्या आणि नंतर ट्रान्झिस्टरच्या यंत्रांतून.

असे यंत्र हाती आले की त्याची तार भिंतीतल्या प्लगात खोचून पाहण्याची जी अनावर इच्छा होते, ती निग्रहाने आवरावी, हे माझे पहिले सांगणे. कारण आतल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमध्ये अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा जो अतिसूक्ष्म थर विद्युत्-अवरोधक म्हणून काम करतो, तो विजेच्या दाबानेच उत्पन्न होतो आणि त्या दाबानेच टिकतो. वर्षानुवर्षे यंत्र बंद राहिले की तो दुर्बळ होतो, आणि अशा अवस्थेत एकाएकी पूर्ण दाब दिला तर कंडेन्सर तापून फुटतो व जाता जाता रेक्टिफायर आणि ट्रान्सफॉर्मर यांनाही सोबत नेतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात कौलांखालच्या माळ्याची जी भट्टी होते, तिने या कंडेन्सरमधले द्रव्य सुकण्यास हातभारच लागतो.

म्हणून मिस्त्री लोकांची जुनी तजवीज करावी, ती म्हणजे सिरीज बल्ब. साठ किंवा शंभर वॅटचा तारेचा बल्ब (एलईडीचा येथे उपयोग नाही) यंत्राच्या एका तारेच्या मार्गात जोडावा. दाबाचा सिलेक्टर 110 वर नसून 220 किंवा 240 वर आहे आणि फ्यूजच्या जागी कोणी तांब्याची तार घातलेली नाही, याची खातरजमा करून मगच बटण दाबावे. बल्ब क्षणभर लख्ख पेटून मंदावला, तर यंत्र पुढच्या तपासाला योग्य आहे. प्रखर जळतच राहिला, तर आत कोठेतरी शॉर्ट आहे, आणि बटण तत्काळ बंद करावे. वीज तोडल्यावरही व्हॉल्व्हच्या यंत्रातील कंडेन्सरमध्ये दोन-अडीचशे व्होल्टचा दाब शिल्लक राहू शकतो. तो रोधकाच्या वाटेने उतरवून व मीटरने पडताळून घेतल्याखेरीज आत बोट घालणे प्राणावर बेतू शकते.

यंत्र चालू झाले आणि आवाजाऐवजी घरघर ऐकू आली, तर ती घरघर हीच पहिली साक्ष मानावी. व्हॉल्यूम शून्यावर आणावा. तरीही घरघर कायम असेल, तर तिचा उगम व्हॉल्यूमच्या पुढे, म्हणजे शेवटच्या टप्प्यात किंवा वीजपुरवठ्यात आहे. ती नाहीशी झाली, तर दोष अलीकडे, हेड आणि पहिल्या प्रवर्धकाच्या परिसरात शोधावा. हेडकडून येणारा संकेत जेमतेम काही मिलिव्होल्टचा, म्हणून तेथे कवचाची एक तार निसटली तरी सारी वीजलहर कानात शिरते. ज्याचा कान तयार आहे त्याला आणखी एक भेद कळतो: आपल्या विजेची कंपने सेकंदाला 50, आणि पूर्णलहरी रेक्टिफायरनंतर ती 100 होतात, म्हणजे बरोबर एक सप्तक वर. तेव्हा वरची घरघर फिल्टर कंडेन्सरकडे बोट दाखविते, खालची हेडच्या तारांकडे.

मला सर्वांत आवडते ती शेवटच्या व्हॉल्व्हची तपासणी. इएल84 सारख्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर, चॅसिसच्या तुलनेत, स्थिर दाब शून्याच्या आसपास असावयास हवा. मीटर तेथे काही व्होल्टचा धन दाब दाखवीत असेल, तर व्हॉल्व्ह अवाजवी प्रवाह ओढून स्वतःचा व ट्रान्सफॉर्मरचा नाश करीत आहे असे समजावे. पण गुन्हा कोणाचा? व्हॉल्व्हचा, की मागच्या टप्प्याला त्याच्याशी जोडणाऱ्या कागदी कंडेन्सरचा? यंत्र बंद करून व्हॉल्व्ह उपसावा आणि पुन्हा मोजावे. दाब तसाच राहिला, तर कंडेन्सर गळका आहे: त्याच्या मेणाखालचा कागद अनेक पावसाळ्यांची ओल पिऊन बसला आहे. दाब नाहीसा झाला, तर व्हॉल्व्हच दोषी. इतका निर्विवाद निर्णय देणारी परीक्षा विज्ञानाच्या कोणत्याही शाखेत मला आनंद देते.

रेकॉर्डिंग विद्रूप, चिरकलेले येते आणि फितीवरचा जुना मजकूरही नीट पुसला जात नाही, अशा दोन तक्रारी एकत्र आल्या, तर त्यांचे मूळ बहुधा एकच असते. फितीवर ध्वनी यथातथ्य उमटावा म्हणून त्यात कानाला ऐकू न येणारी उच्च कंप्रतेची लहर मिसळतात, आणि तिचा जनक जो ऑसिलेटर, तोच पुसणाऱ्या हेडलाही शक्ती पुरवितो. तो थांबला की दोन्ही कामे बिघडतात.

मोटर नुसती गुणगुणते, पण बोटाने ढकलल्यावर फिरू लागते, तर तिचा कंडेन्सर बदलावा. अमेरिकेतून कोणा आप्ताने आणलेले यंत्र असेल, तर मात्र दोष नसतानाही आवाज खोल वाटेल. तेथील विजेची कंपने 60 असल्याने त्या विजेसाठी घडविलेली मोटर आपल्याकडे सहाऐवजी पाच हिश्शांच्या वेगाने फिरते, आणि गायकाचा षड्ज उतरून मंद्र सप्तकातल्या शुद्ध धैवताजवळ येतो. तेथे बिघाड शोधण्यात वेळ न दवडता पुली बदलून घ्यावी.

एवढे झाल्यावर हेड स्पिरिटने पुसून, त्यात साठलेले चुंबकत्व डीमॅग्नेटायझरने काढून टाकावे. अन्यथा प्रत्येक फेरीत फितीवरचे उंच स्वर थोडे थोडे झिजतात आणि सळसळ वाढते. पहिली चाचणी बाजारातल्या निरुपयोगी फितीवर घ्यावी. शाहिराची फीत चढविण्यापूर्वी रेकॉर्डिंगचे बटण दाबलेच जाणार नाही असा पक्का बंदोबस्त करावा, संगणकाची तार अगोदरच जोडून ठेवावी आणि पहिल्याच फेरीत आवाज उतरवून घ्यावा, कारण जुन्या फितीचा लेप दुसऱ्या फेरीपर्यंत टिकेल याची हमी नसते. फीत कोणत्या वेगाने वाजविली, कोणत्या गावची मंडळी गात आहेत आणि साथीला कोण होते, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून त्याच दिवशी डबीवर लिहावे.